ठेका पायातून झांजेत कसा चढला

माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या १९५९ च्या अल्बममध्ये पहिलंच गाणं आहे 'सो व्हॉट'. साधारण दीड मिनिटाने मूळ धून संपते, माइल्स ट्रम्पेट ओठांना लावतो आणि त्याच्या पहिल्या सुरांबरोबर ड्रमर जिमी कॉब झांजेवर एकच आघात करतो. बस, एकच. ती झांज मग किती तरी वेळ झिणझिणत राहते. ट्रम्पेट तिच्या आवाजावर तरंगत पुढे निघतं आणि तिचा शेवटचा धागा कधी विरला ते कळतही नाही. हेडफोन लावून हे एवढंच दहा वेळा ऐका. जॅझमधला ड्रमर काय करतो, याची पहिली ओळख मला तिथे झाली.

त्याआधी मला जॅझचे ड्रम नीट ऐकूच येत नसत. माझे कान तबल्यावर घडलेले. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधायची सवय. इथे सम कुठे आहे, ठेका नक्की कोण धरतंय, मध्येच हे ठो-ठो कशासाठी, काहीच उलगडत नव्हतं. तुमचंही तसंच होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

तबल्याचं उदाहरण घेऊनच सुरुवात करू. तबलजी गायकाच्या साथीला बसतो तेव्हा ठेका तो धरतो आणि गायक त्यावर मोकळा फिरतो. तोच तबलजी एकल वादन करतो तेव्हा लेहरा, म्हणजे पुनःपुन्हा फिरणारी एकच सुरावट, हार्मोनियम किंवा सारंगी धरते आणि मोकळं फिरायची पाळी तबल्याची असते. एक जण घर सांभाळतो म्हणून दुसऱ्याला भटकता येतं. जॅझच्या ड्रमरला ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात. घरही त्याचंच, भटकंतीही त्याचीच. त्याला हे जमतं, कारण तो दोन हात आणि दोन पाय अशा चार अवयवांनी वाजवतो. एका अवयवाकडे ठेका सोपवला की बाकीचे तीन बोलायला मोकळे. ठेका कुठल्या अवयवाकडे द्यायचा, हा प्रश्न प्रत्येक पिढीने वेगळा सोडवला. जॅझ ड्रमिंगच्या शैली मला या एका धाग्याने सगळ्यात सोप्या वाटतात.

आधी वाद्य समजून घेऊ. जमिनीवर आडवा ठेवलेला मोठा ड्रम म्हणजे बास ड्रम, तो उजव्या पायाच्या पेडलने वाजतो. गुडघ्यांमध्ये स्नेअर, त्याच्या तळाला तारा ताणलेल्या असल्यामुळे आवाज करकरीत. आजूबाजूला टॉम-टॉम. डाव्या पायाशी हाय-हॅट, म्हणजे दांडीवर समोरासमोर बसवलेल्या दोन झांजा. पाय दाबला की त्या 'चक्' करून मिटतात. आणि उजव्या हाताशी एक मोठी झांज, राइड.

आता टेबलावर हात ठेवा. चार मात्रा मोजा. पहिल्या मात्रेला उजव्या हाताने एक ठोका. दुसऱ्या मात्रेचे मनातल्या मनात तीन तुकडे करा. पहिल्यावर वाजवा, मधला सोडा, तिसऱ्यावर हलकेच वाजवा. तिसरी मात्रा पहिलीसारखी, चौथी दुसरीसारखी. तोंडाने म्हटलं तर टिंग, टिं-ऽ-ग, टिंग, टिं-ऽ-ग. अमेरिकन ड्रमर याला 'स्पँग-अ-लँग' म्हणतात. आता डावा पाय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला आपटा. इथे आपली गडबड होते, कारण आपली टाळी सवयीने पहिल्या मात्रेवर पडते. जॅझची टाळी दोनवर आणि चारवर. पाच मिनिटं हे करून पाहिलंत की पुढचं सगळं वाचायला वेगळीच मजा येईल. हा जो पुढे ढकलणारा झोका हाताला जाणवतोय, तोच स्विंग. लय फार वाढली की तीन तुकड्यांचा हा हिशोब सपाट होत जातो, तरी झोका उरतो.

पायातला ठेका

गोष्ट सुरू होते न्यू ऑर्लिन्समध्ये. रस्त्यावरून चालत वाजवणाऱ्या बँडमध्ये एक जण बास ड्रम वाजवायचा, दुसरा स्नेअर. बँड छपराखाली, नाचाच्या दिवाणखान्यात आले तेव्हा हे काम एकट्या माणसाने करायचे प्रयत्न सुरू झाले. १९०९ मध्ये शिकागोच्या विल्यम लुडविगने पायाने चालणारं चपळ पेडल बाजारात आणलं आणि प्रश्न सुटला. ठेका उजव्या पायात गेला.

या पिढीतला माझा आवडता ड्रमर वॉरन 'बेबी' डॉड्स. किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये तो होता, तरुण लुई आर्मस्ट्राँगही त्याच बँडमध्ये. १९२३ मधली त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकाल तर ड्रमच्या जागी लाकडी ठोकळ्याची टकटक ऐकू येईल. त्या काळी भोंग्यासमोर वाजवून मुद्रण व्हायचं आणि बास ड्रमच्या दणक्याने तबकडीवरची सुई उडायची, म्हणून तो वाजवायचीच सोय नव्हती. डॉड्सचं खरं वैशिष्ट्य म्हणजे क्लॅरिनेट वाजत असेल तर मागे एक रंग आणि ट्रम्पेट आलं की दुसरा. कोण बोलतंय ते ऐकून आपला आवाज बदलायचा, ही साथीची जाण त्याने जॅझला अगदी सुरुवातीलाच दिली.

मग आला मोठ्या बँडचा आणि नाचाचा काळ. न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूमचा राजा होता चिक वेब. लहानपणीच पाठीच्या कण्याला क्षय झाल्यामुळे त्याची उंची खुंटली, पाठीला कुबड आलं. त्याच्यासाठी ड्रम उंच चौथऱ्यावर मांडलेले असत आणि तिथून तो अख्खा बँड हाकायचा. गायिका एला फिट्झजेराल्ड जगासमोर आली ती याच बँडमधून. ११ मे १९३७ रोजी सॅव्हॉयमध्ये बेनी गुडमनच्या बँडशी त्याचा मुकाबला झाला. गुडमनकडे होता देखणा, गाजलेला ड्रमर जीन क्रुपा. त्या रात्री वेबने बाजी मारली आणि क्रुपाने ते मोकळ्या मनाने मान्य केलं. दोन वर्षांनी वेब गेला. त्याची ध्वनिमुद्रणं त्या काळच्या यंत्रांच्या मर्यादेत अडकलेली आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

क्रुपाचं श्रेय वेगळं. १६ जानेवारी १९३८ ला कार्नेगी हॉलमध्ये 'सिंग, सिंग, सिंग' वाजलं तेव्हा टॉम-टॉमचा तो घुमणारा आवाज ऐकून लोक वेडे झाले. मागे बसणारा ड्रमर पोस्टरवर आला तो त्याच्यामुळे.

डावा पाय, आणि उघडती-मिटती झांज

शांत क्रांती मात्र कॅन्सस सिटीकडून आली. काउंट बेसीच्या बँडमधला जो जोन्स ठेका बास ड्रमवरून उचलून हाय-हॅटवर घेऊन गेला. बास ड्रमचा चारी मात्रांना 'धप्-धप्-धप्-धप्' हा जड आवाज त्याने इतका हलका केला की तो ऐकू येण्यापेक्षा पायाखाली जाणवावा. पिसासारखा, म्हणून ड्रमर त्याला 'फेदरिंग' म्हणतात. आणि ठेका ऐकू येऊ लागला तो हाय-हॅटमधून, झांजा किंचित उघड्या, मग मिट, मग उघड्या. 'त्सीऽ-चक्, त्सीऽ-चक्'. धपधपाटात तुकडे पडतात. झांजेचा आवाज एका मात्रेतून दुसऱ्या मात्रेत वाहत जातो. वॉल्टर पेजचा बास, फ्रेडी ग्रीनची गिटार, बेसीचा मोजकाच पियानो आणि हा हाय-हॅट, या चौघांनी मिळून लयीला वजनच उरू दिलं नाही.

याच जो जोन्सने १९३६ मध्ये कॅन्सस सिटीतल्या रेनो क्लबमध्ये एका पोरसवदा सॅक्सोफोनवाल्याच्या पायाशी झांज काढून फेकली होती. वाजवता वाजवता तो भरकटला होता, त्याला थांबवायला. तो मुलगा मान खाली घालून गेला आणि त्याने झपाटल्यासारखा रियाज केला. त्याचं नाव चार्ली पार्कर.

उजवा हात

पुढचं पाऊल पिट्सबर्गच्या केनी क्लार्कचं. टेडी हिलच्या बँडमध्ये एका अतिद्रुत गाण्यात बास ड्रमवर चारी मात्रा धरणं पायाला झेपेना. मग त्याने ठेका राइडवर नेला आणि दमलेल्या पायाला फक्त हवं तिथे एखादाच ठोका द्यायला ठेवलं. नाइलाजातून निघालेली वाट, पण तिने सगळं बदललं. 'टिंग, टिं-ऽ-ग' एकट्या उजव्या हातात आलं, दोन-चारची 'चक्' डाव्या पायात, आणि उजवा पाय व डावा हात पूर्ण मोकळे झाले. ते मध्येच बोलू लागले, सुरावटीला टोचू लागले, पुढच्या ओळीकडे ढकलू लागले. महायुद्धाचे दिवस होते, या अचानक ठोक्यांना 'बॉम्ब' नाव पडलं.

अशा वाजवण्यामुळे क्लार्कची त्या बँडमधून गच्छंती झाली होती. पुढे टेडी हिल हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाऊस या क्लबचा कारभार पाहू लागला तेव्हा त्याने क्लार्कलाच बोलावून घेतलं. तिथे थेलोनियस मंक पियानोवर, रात्री उशिरा डिझी गिलेस्पी, पार्कर येऊन मिसळायचे. त्यातून बीबॉप ही जॅझची नवी शैली उभी राहिली. १९४४ मध्ये अमेरिकन सरकारने नाच-गाणं असलेल्या क्लबांवर जबर कर लावला, नुसतं वाद्यसंगीत ऐकवणारे क्लब त्यातून सुटले, याचाही हातभार लागला. लोक नाचायचे थांबून खुर्चीत बसून ऐकू लागले. नाचणाऱ्या पायांना बास ड्रमचा आधार लागतो, ऐकणाऱ्या कानांना झांज पुरते.

आणि झांजेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. या झांजा बनवणारं झिल्जियन हे आर्मेनियन घराणं १६२३ पासून कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये हे काम करत होतं. १९२९ मध्ये त्यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये कारखाना काढला आणि ड्रमरांशी बोलून झांजा घडवल्या. एका चांगल्या राइडवर काठीचं टोक पडलं की स्वच्छ 'टिंग' निघतं, मागे आवाजाचं धुकं पसरतं, पण पुढचा 'टिंग' त्यात हरवत नाही. हे धातूकाम झालं नसतं तर क्लार्कची युक्ती त्याच्याच डोक्यात राहिली असती.

मॅक्स रोच आणि आर्ट ब्लेकी

या दोघांपाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण एकच वाट दोन स्वभावांची माणसं कशी चालतात ते इथे दिसतं.

मॅक्स रोच ब्रुकलिनमध्ये वाढला. नोव्हेंबर १९४५ मध्ये पार्करबरोबर 'को-को' मुद्रित झालं तेव्हा तो २१ वर्षांचा होता. इतकी चढी लय, आणि तरीही त्याचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. रोच ड्रमवर गाणं वाजवायचा. जॅझच्या धुनांना ठरलेली लांबी असते. बऱ्याच गाण्यांत ३२ माप, म्हणजे प्रत्येकी ४ मात्रांनी १२८ मात्रांचं एक मोठं आवर्तन. सगळे एकल वादन करताना तेच आवर्तन मनात धरून फिरत असतात. रोचचं एकल चालू असताना मूळ धून गुणगुणत राहा, ओळ संपते तिथे त्याचंही वाक्य संपतं. एक बोल टाकला, मग तोच फिरवला, मग त्याला उत्तर. आपल्याकडे तबल्याचा कायदा, म्हणजे बोलांची एक बांधणी, आणि तिचे फिरवलेले पलटे ऐकलेल्याला हे शिकवावं लागत नाही.

त्याची 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' ही १९६६ मधली चीज आवर्जून ऐका. एकटा ड्रम, दुसरं वाद्य नाही. तीन मात्रांचा फेरा: एकवर बास ड्रम, दोन-तीनवर हाय-हॅट. पाय हा फेरा अखंड चालवतात आणि हात त्यावर बोलतात. म्हणजे पाय लेहरा धरतात, हात एकल वादन करतात, आणि दोन्ही करणारा माणूस एकच.

रोचने हे कौशल्य फक्त वादनापुरतं ठेवलं नाही. १९६० मधली 'फ्रीडम नाऊ स्वीट' ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीची रचना. तिच्यातल्या 'ट्रिप्टिक' या भागात फक्त ॲबी लिंकनचा आवाज आणि रोचचा ड्रम आहे. शब्द नाहीत. प्रार्थना, मग निषेध, मग शांती. मधल्या भागात ती किंचाळते आणि ड्रम तिच्या पाठीशी उभा राहतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री दुसरं काही ऐकू शकलो नाही.

ब्लेकी आगीसारखा. स्नेअरवर काठ्या दाबून धरून त्याने काढलेला 'प्रेस रोल' ऐका: तळातून गुरगुर सुरू होते, फुगत जाते, आणि फुटते ती थेट पुढच्या वादकाच्या पहिल्या सुरावर. त्या वादकाला वाईट वाजवायची सोयच नसायची. त्याचा दोन-चारचा हाय-हॅट म्हणजे दाराला घातलेली खिट्टी, जराही ढिली नाही. कधी तो टॉमच्या कातड्यावर कोपर दाबून आवाज वर चढवायचा. डग्ग्यावर मनगट सरकवून आपण जे करतो त्याचंच भावंड. १९५८ च्या 'मोनिन'मध्ये हे सगळं सापडेल. त्याचा 'जॅझ मेसेंजर्स' हा बँड १९९० मध्ये तो जाईपर्यंत चालला, आणि ते खरं तर गुरुकुलच होतं. ली मॉर्गन, वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड, विन्टन मार्सालिस, सगळे तिथून तयार होऊन बाहेर पडले.

फिली जो जोन्स आणि रॉय हेन्स यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे नावं घेऊन पुढे जातो. फक्त ब्रशबद्दल दोन ओळी. काठ्यांऐवजी तारांचे कुंचले घेऊन डावा हात स्नेअरवर गोल घासत राहतो, 'श्शऽऽ श्शऽऽ', आणि उजवा त्यावर थापा देतो. घासण्याचा आवाज कधी तुटत नाही. पियानोवादक बिल एव्हान्सबरोबर ड्रमर पॉल मोशनने जून १९६१ मध्ये व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात वाजवलेला ब्रश ऐकला की वाटतं, हा ठोका देत नाहीये, श्वास घेतोय.

पाच मात्रा आणि मुंबईचा मुक्काम

डेव्ह ब्रुबेकचं 'टेक फाइव्ह' तुम्ही नक्की ऐकलंय, कुठल्यातरी कॅफेत. १९५९. त्याचं मूळ ड्रमर जो मोरेलोच्या पाच मात्रांच्या ठेक्यात आहे. त्यावर धून बांधली सॅक्सोफोनवाल्या पॉल डेस्मंडने. तीन अधिक दोन. झपताल ऐकलेल्याला पाचाचं ओझं वाटत नाही, पण तेव्हाच्या अमेरिकन श्रोत्याला ही लंगडणारी चाल नवीन होती. मोरेलोचं एकल सुरू होतं तेव्हा ब्रुबेक पियानोवर तीच पाच मात्रांची छोटी ओळ पुनःपुन्हा वाजवत राहतो आणि मोरेलो तिच्यावर घाई न करता, जागा सोडत बोलतो. लेहराच आहे तो. आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर ही मंडळी भारतात आली होती, मुंबईत ब्रुबेक सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवायला बसला होता. 'टेक फाइव्ह' त्यातून निघालं असं मी म्हणणार नाही. पण लेहऱ्याच्या देशातून ते जाऊन आले होते, एवढं मनात ठेवून ऐकायला मला आवडतं.

सगळ्या अंगात

एल्विन जोन्स आला आणि ठेका शोधणं कठीण झालं. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत १९६० ते ६६ तो होता. मात्रेचे ते तीन तुकडे आठवतात ना, उजव्या हातातले? एल्विनने ते चारी अवयवांत वाटून टाकले. पहिला तुकडा झांजेवर, दुसरा डाव्या हातात, तिसरा पायात, पुढच्या मात्रेत क्रम वेगळा. ठेका कुठेही एका जागी नाही, आणि सगळीकडे आहे. भोवऱ्यात उभं असल्यासारखं वाटतं. पहिली मात्रा तो दाखवत नाही, वरून निघून जातो. पण चार-आठ मापांनी सगळे एकत्र येतात तेव्हा कळतं की त्याची सम क्षणभरही सुटलेली नव्हती. डिसेंबर १९६४ मधलं 'अ लव्ह सुप्रीम' त्याच्याच घंटेसारख्या गाँगच्या आवाजाने उघडतं. सुरुवातीला जड वाटलं तर आधी 'माय फेव्हरिट थिंग्ज' ऐका, तीन मात्रांचं आहे, दादऱ्याच्या कानाला लगेच आपलंसं होतं.

टोनी विल्यम्स १९६३ मध्ये माइल्सकडे आला तेव्हा १७ वर्षांचा होता. क्लबात दारू मिळते म्हणून त्या वयाचा मुलगा तिथे वाजवायचा म्हणजे कायद्याची अडचण. त्याने हाय-हॅटची दोन-चारची खिट्टी काढली; कधी चारी मात्रांना वाजव, कधी मुळीच नको. एका लयीतून दुसरी लय काढायची आणि श्रोत्याला वाटावं गाणंच बदललं. १९६७ मधल्या 'नेफर्टिटी'त तर सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट तीच धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत राहतात, त्यांना एकल नाहीच. त्यांच्याखाली ड्रम उसळतो, फुटतो, शांत होतो. अमेरिकन समीक्षकांनी याला उलटापालट म्हटलं. तबला ऐकत वाढलेल्याला यात उलटं काहीच नाही; लेहरा चालू आहे आणि तबला बोलतोय.

शेवटी एक मुंबईकर

त्रिलोक गुर्टू. जन्म मुंबईचा, १९५१. आई शोभा गुर्टू, ठुमरीचं थोर नाव. घरात तबला, आणि मग जॅझची ओढ. ट्रम्पेटवाल्या डॉन चेरीबरोबर वाजवलं, 'ओरेगॉन' या बँडमध्ये वाजवलं, आणि १९८८ पासून गिटारवाल्या जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रयीत जगभर फिरला. १९८८ च्या त्याच्या 'उसफ्रेत' या पहिल्या अल्बममध्ये आईचा आवाज आहे.

त्याला वाजवताना पाहायलाच हवं. ड्रमरचं स्टूल नाही, जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून बसलेला. एका बाजूला तबला, भोवती टॉम, झांजा, घंटा, शिंपल्यांच्या माळा, आणि शेजारी पाण्याची बादली. तोंडाने बोल चालू. मध्येच तो एका झांजेवर काठी मारतो आणि ती वाजत असतानाच हळूच पाण्यात उतरवतो. झांज जसजशी बुडते तसतसा तिचा सूर वाकत खाली येतो, मींड घ्यावी तसा, आणि पाण्याखाली जाऊन थांबतो.